अण्णांनी पाणी का घेतलं नाही

फोन सुरेशचा होता, भास्करअण्णांच्या धाकट्या मुलाचा. "काका, अण्णा गेले," तो म्हणाला. त्यावर मी जे विचारलं ते दुसऱ्या कुणी विचारलं नसतं. मी विचारलं, "ठसका लागून नाही ना रे?" तो म्हणाला, "न्हाई काका. सकाळी उठवायला गेलो तर झोपेतच... चेहरा अगदी निवांत होता." मी खुर्चीत बसलो. आयुष्यभराच्या मित्राच्या जाण्याची बातमी ऐकून माणसाला आधी हायसं वाटावं हे विचित्र आहे, पण मला तसंच वाटलं. हा माणूस एखाद्या दिवशी घोटभर पाण्यानं जाईल, ही भीती मी इतकी वर्षं मनात बाळगून होतो. तसं झालं नाही. रडू आलं ते नंतर, दुपारी, धाराशिवहून भूमच्या गाडीत बसल्यावर.

अण्णा आमच्या गावच्या दूध संस्थेचे पहिले चेअरमन आणि मी पहिला सेक्रेटरी. गाव भूम तालुक्यातलं, ईट गावच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावरचं. ते गावातल्या मराठा शेतकरी घरातले, मी बौद्ध वस्तीतला. त्यांच्याबद्दल आमच्या गावात एक गोष्ट अजून सांगितली जाते की, त्यांनी आमच्या वस्तीला म्हशी दिल्या, पण वस्तीतलं पाणी कधी घेतलं नाही. ही गोष्ट अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी मला माहीत होती आणि मी ती सांगितली नाही. आता अण्णा नाहीत, माझंही वय झालं आहे. म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात बहात्तरच्या दुष्काळात झाली. विहिरी कोरड्या पडल्या होत्या आणि गावाबाहेरच्या सार्वजनिक विहिरीत सुरुंग लावून ती खोल करायचं काम चाललं होतं. अण्णा तेव्हा तिशीचे असतील, कामावर मुकादम होते. एक सुरुंग वेळेवर उडालाच नाही. सगळ्यांना वाटलं विझला. अण्णा काठावरून वाकून बघत असताना तो उडाला आणि दगडाची कपची त्यांच्या गळ्यात, कानाच्या जरा खाली, घुसली. बैलगाडीतून आणि मग ट्रकमधून त्यांना बार्शीला नेलं. ते वाचले. जखम भरली, आवाज मात्र कायमचा बसका झाला. गावाला एवढंच ठाऊक होतं. आतली कुठली तरी नस दुखावली आहे, आणि पाणी, चहा, ताक असं काहीही पातळ गिळलं की ते घशातून अन्ननलिकेत न जाता श्वासाच्या वाटेला लागतं, हे फक्त त्यांच्या बायकोला, सुभद्रावहिनींना माहीत होतं. पाण्याच्या घोटाला ठसका लागायचा, नाकातून पाणी यायचं, डोळे पांढरे व्हायचे. दवाखान्यातून घरी आल्यावर महिनाभरात माणूस हाडांचा सापळा झाला. अख्खा तालुका पाण्यासाठी तडफडत असताना अण्णांच्या उशाला भरलेला तांब्या होता आणि ते त्यातलं पाणी पिऊ शकत नव्हते.

दुष्काळी कामांवर तेव्हा सुकडी वाटायचे, गोडसर, पौष्टिक पीठ. वहिनींनी एक दिवस ती दुधात कालवून, खिरीसारखी दाट करून चमच्यानं भरवली... आणि ती खाली गेली. ठसका नाही, काही नाही. पातळ पदार्थ घशात पळत सुटतो, त्याला अडवायला वेळ मिळत नाही. दाट पदार्थ सावकाश येतो आणि घसा तोवर तयार होतो, हे अण्णांनी मला पुढे समजावून सांगितलं. पण फार दाटही चालायचं नाही. गोळा झाला की तो घशात चिकटून बसे, आणि मग ते निस्तरायला पुन्हा पाणीच लागे. आमच्या भागात घरोघर खव्याच्या भट्ट्या. दूध आटताना कधी त्याची धार पडते, कधी ते थबकत पडतं आणि कधी लगदा होतो, हे तिथलं पोरही सांगेल. अण्णांनी आपलं माप तिथून घेतलं. चमचा तिरपा केला की पेय सलग ओघळता कामा नये, आणि चिकटूनही राहता कामा नये. जरा विचार करून पडल्यासारखं पडलं पाहिजे. "इचार करून पडलं पायजे," हे त्यांचेच शब्द.

दुष्काळ सरला आणि एक-दोन वर्षांत गावात दूध संस्था उभी राहिली. चेअरमन कोण, तर अण्णा. सेक्रेटरी कोण, तर मॅट्रिक झालेला मी. गावातल्या बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. अण्णा त्यांना बसक्या आवाजात म्हणाले, "दुधाची डिग्री बघायला पोरगा पायजे, त्येची जात कशाला बघता? दुधात पाणी हाय का तेवढं बघा." माझ्या आईला ते फार आवडलं होतं. पुढे त्यांनी खटपट करून संस्थेमार्फत वस्तीतल्या बायकांना म्हशी मिळवून द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी बोलायला स्वतः आमच्या घरी आले. गावातला चेअरमन आमच्या घरात येऊन बसतो ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. आईनं सकाळपासून तांब्या-पेला राखेनं घासून लख्ख केला होता. चार-पाच बायका दारात उभ्या होत्या; त्यांत आमच्या शेजारची गयाबाई होती, जिच्या जिभेला सगळी वस्ती भ्यायची.

आईनं पाणी पुढे केलं. अण्णांनी पेला घेतला, उचलला, जवळजवळ ओठांपर्यंत नेला... आणि खाली ठेवला. म्हणाले, "नको मावशी, आत्ताच पिऊन आलो."

हे वाक्य आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं होतं. त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नव्हता. आई शांतपणे म्हणाली, "राहू द्या अण्णा. आमचं पाणी जड आसतंय." दारातून गयाबाईनं भर घातली, "व्हय की. लई वजन आसतंय त्येला." बायका पदराआड हसल्या. अण्णांचा चेहरा लाल झाला. म्हशींचं काय ते बोलून ते उठले आणि गेले. कुणाचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. ज्यांनी जन्मभर तसंच पाहिलं, त्यांनी त्या पेल्याचा दुसरा काय अर्थ लावायचा?

चूक झाली ती पुढे, आणि ती माझी. त्याच आठवड्यात वस्तीत सभा होती. मी तेव्हा तरुण होतो, तापट होतो, आणि बोलायची हौस होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चेअरमन आम्हाला म्हशी देतात, पण आमचं पाणी घेत नाहीत. म्हशीचं दूध चालतं, ती जे पाणी पिते ते चालत नाही." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. ते वाक्य शेजारच्या गावांत गेलं, तालुक्याला गेलं. इतकं नेमकं वाक्य मी पुन्हा कधी बोललो नाही.

मग एक दिवस संस्थेच्या मागच्या खोलीत काही आणायला गेलो, तर अण्णा भिंतीकडे तोंड करून चमच्यानं काही तरी खात बसलेले. मला बघून वाटी झाकू लागले. माझ्या डोक्यात राग होताच. मी म्हणालो, "चोरून कशाला खाता? आमची नजरसुद्धा चालत नाही का?" त्यांनी वाटी खाली ठेवली. टेबलावर मी अर्धवट पिऊन ठेवलेला माझा पाण्याचा पेला होता. माझा उष्टा. तो त्यांनी उचलला आणि एक मोठा घोट घेतला.

पुढे जे झालं ते मी कधी विसरणार नाही. ठसका लागला आणि थांबेना. पाणी नाकातून आलं, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, श्वास आत जाईना. ते गुडघ्यांवर बसले, मी पाठीत थापट्या मारत होतो आणि काय करावं मला कळत नव्हतं. शेवटी कसाबसा श्वास आला. डोळे पुसत ते म्हणाले, "कळलं का पाणी का पेलो न्हाय?" मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. "तुज्या मायच्या हातचं पाणी पेलो आसतो तर तितंच लोळलो आसतो. गाव म्हनलं आसतं, मराठ्याच्या पोराला वस्तीच्या पाण्यानं मारलं."

मी म्हणालो, मग सांगा ना लोकांना. त्यांनी मान हलवली. त्या काळी खोकणाऱ्या माणसाला आधी क्षय चिकटवायचे. चेअरमनला क्षय आहे एवढं कुणी म्हटलं असतं तरी संस्थेत कुणी एक माप दूध घातलं नसतं, आणि खव्याचे व्यापारी तर वाटच बघत होते. "म्हशी येऊ दे, संस्था पायावर उभी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तवर तोंड मिटून बस. शब्द दे." मी शब्द दिला. त्यांनी माझ्या भाषणाबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यांच्या कानावर ते गेलं होतं, हे मला ठाऊक होतं.

म्हशी आल्या. संस्था चालली. पुढच्या निवडणुकीत वस्तीची सगळी मतं अण्णांच्या विरोधात गेली आणि ते थोडक्यात पडले. किल्ल्या माझ्या हातात देताना म्हणाले, "नव्या चेअरमनला चहा पाजत जा. मला पाजायचा तेवढा ऱ्हायला." त्यांनी विनोद केला आणि मी हसलो. वास्तविक त्या दिवशी माझा शब्द संपला होता. संस्था उभी होती, अण्णा चेअरमन नव्हते. मी वस्तीत जाऊन सांगू शकलो असतो. पण मग माझं ते वाक्य मला परत घ्यावं लागलं असतं, आणि त्या वाक्यानं मला वस्तीत जागा मिळवून दिली होती. शब्द दिलाय, असं मी स्वतःला सांगत राहिलो. पुढे धाराशिवला नोकरी लागली आणि गावच सुटलं.

आई गावीच राहिली. काही वर्षांनी तिला लकव्याचा झटका आला. अर्धं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले, पातळ काहीतरी पाजत राहा. मी रजा घेऊन गेलो आणि दुधात पाणी घालून, अगदी पातळ करून पाजू लागलो. प्रत्येक घोटाला ठसका. मला तो आवाज ओळखायला हवा होता, पण मुलाच्या भीतीपुढे सगळी अक्कल जाते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दारात अण्णा उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आत आले, माझ्या हातातली वाटी घेतली, चमचा तिरपा करून बघितला आणि म्हणाले, "माधवा, ह्ये माणसाला पाजायचं हाय का वासराला?"

चुलीपाशी बसून त्यांनी दुधात ज्वारीचं पीठ शिजवलं, ढवळलं, जरा निवू दिलं, पुन्हा चमच्यानं पाहिलं. मग दोन चमचे मागितले. एका चमच्यानं वाटीतून काढायचं, दुसऱ्यावर घालायचं आणि तो दुसरा आईच्या तोंडाशी न्यायचा. तोंडातला चमचा परत वाटीत घालायचा नाही. आई बघत होती. तिचा चांगला डोळा त्या दोन चमच्यांवर होता आणि त्यात काय आहे ते मला कळत होतं. अण्णांनाही कळलं असावं. ते म्हणाले, "इटाळाचं न्हाय मावशी. उष्टा चमचा ह्याच्यात बुडला की पीठ पातळ व्हतंय. थुंकीनं पाणी सुटतं त्येला. माजंबी आसंच हाय." आणि तिच्या त्याच वाटीतून, तिच्यासमोर, आधी स्वतः चार घास खाल्ले. मग तिला भरवलं. एकदाही ठसका लागला नाही.

आई त्यांच्या गळ्यावरच्या व्रणाकडे पाहत राहिली. मग वाकड्या तोंडानं, तुटक तुटक म्हणाली, "म्हंजी... पाणी... पातळ व्हतं."

"व्हय मावशी," अण्णा म्हणाले. "जड आसतं तर पेलो आसतो."

आई हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा. हसणं अर्ध्याच चेहऱ्यावर उमटलं, पण ते तिचंच होतं. ती त्यानंतर सावरली आणि काही वर्षं बरी जगली. माझ्या मनावरचं अर्धं ओझं त्या दिवशी उतरलं. उरलेलं अर्धं मी स्वतःच धरून ठेवलं. तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती, बोलणं तुटक; तिनं कुणाला सांगितलं असेल असं मला वाटलं नाही. आणि मी तर सांगणारच नव्हतो.

काही वर्षांपूर्वी अण्णांना सुरेशनं सोलापूरला एका दवाखान्यात नेलं. गिळण्याचा त्रास असलेल्यांना शिकवणारी एक मुलगी तिथं होती. तिनं त्यांना वेगवेगळ्या दाटपणाचं पाजून पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही गरजेपेक्षा किती तरी दाट पिताय. घसा थकतो त्यानं." हनुवटी छातीकडे घेऊन गिळायला शिकवलं. पाणी दाट करायची पावडर दिली. त्या पावडरीनं पाण्याचा रंग बदलत नाही आणि चवही फारशी नाही. त्या संध्याकाळी अण्णांचा मला फोन आला. "माधवा, पाणी पेलो आज." मी म्हटलं, कसं लागलं? ते म्हणाले, "कशाचंच लागलं न्हाय. न्हाय पीठ, न्हाय दूध. म्या इसरलोच हुतो, पाण्याला चव नसती ते." त्यानंतर फोन केला की मी आधी विचारायचो, पाणी घेतलं का? आणि ते म्हणायचे, "घेतलं. तुज्या वाटचंबी घेतलं."

गावच्या शोकसभेला मी गेलो. बरेच जण बोलले. आमच्या वस्तीतला सिद्धार्थ बोलला. तो गयाबाईचा नातू, शिक्षक आहे, तोलून बोलणारा. तो म्हणाला, "अण्णांनी आमच्या वस्तीला म्हशी दिल्या, पण आमचं पाणी घेतलं नाही. माणसात हे दोन्ही असतं, आणि त्यांचं मोठेपण सांगताना हेही सांगितलं पाहिजे." त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. तो बोलत होता ते माझंच वाक्य होतं, पिढी ओलांडून आलेलं, धार थोडी बोथट झालेलं. समोर सुरेश मान खाली घालून बसला होता. अण्णांचा घसा त्याला ठाऊक होता, पण आमच्या घरचा तो पेला त्यानं पाहिला नव्हता. मला उठून बोलायचं होतं, पण मी उठलो नाही. सभा संपली आणि मी तसाच वस्तीत गयाबाईच्या घरी गेलो. त्या दिवशी आमच्या दारात उभ्या असलेल्या बायकांपैकी आता ती एकटीच उरली आहे. सिद्धार्थही मागून आला.

मी सगळं सांगितलं. सुरुंग, घसा, माझा उष्टा पेला, दिलेला शब्द आणि शब्द संपल्यावरही गप्प राहिलेला मी. गयाबाई सुपारी कातरत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं का सांगून?"

"झालं."

"तुज्या मायनं कवाच सांगितलंय ह्ये. हातरुणावरनं उठता येईना तिला, तरी येकेकीला बोलवून घेतलं. बोलायला दम लागायचा, पर सांगितलं."

मी म्हणालो, "मग मला का नाही बोललात?"

"तू त्येला शब्द दिलास, आसं त्योच म्हनला. आमी कशाला मोडायला लावावा? आमाला वाटलं, कवातरी आपून होऊन सांगशील. मग आमीबी इसरलो."

"आणि माझं ते भाषण?"

"तवा तू लई भाषणं करायचास," ती म्हणाली. "कुठलं ध्यानात ठिवायचं?"

सिद्धार्थ हसला. मग एकदम गंभीर झाला. "आजी, मला कधी सांगितलं नाहीस. मी आत्ता सगळ्यांसमोर काय बोलून आलो..."

"तू कवा इचारलंस? अण्णा आपल्यात का येतो, बसून काय खातो, बघत हुतास की डोळ्यांनी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुजी माय गेल्यावरबी यायचा तो. बाजारच्या दिवशी. ज्वारीच्या दाट कण्या लागायच्या त्येला. दवाखान्याचं पाणी प्यायला लागला, तरी कण्या हितंच."

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं फोनवर बोलत होतो, पण अण्णांनी कधी सांगितलं नाही. त्यांनाही शब्द आठवत असेल, किंवा माझी फजिती करायची नसेल... आता कळायचा मार्ग नाही. गयाबाई भिंतीला धरून उठली आणि फळीवरून एक वाटी काढली. खोलगट, जुनी, कडेला पोचा आलेली. म्हणाली, "ही त्येची वाटी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "वेगळी ठेवली होती?" आमच्या वयाच्या माणसांना वेगळ्या वाटीचा अर्थ माहीत आहे. आमच्या बापजाद्यांसाठी गावातल्या पडवीत अशीच वेगळी भांडी असायची.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "येगळी कशाला? पोरंबी ह्यातच खात्यात. खोल हाय, चमचा बरा बुडतो, म्हणून त्येला ही लागायची."

सिद्धार्थनं वाटी तिच्या हातातून घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाला, "मीसुद्धा यातच खाल्लंय, काका." मग उठून बाहेर गेला. ओट्यावरून त्याचा आवाज येत होता. सुरेशला फोन लावून, थांबत थांबत, तो त्याला हीच हकिगत सांगत होता.

चुलीवर कण्या होत्याच. गयाबाईनं त्या वाटीत वाढल्या, वर दूध घातलं आणि वाटी माझ्यापुढे ठेवली. मी भूक नाही म्हणणार होतो. पण त्या घरात बसून, समोर आलेलं नको म्हणायचं माझ्या जिवावर आलं. सगळ्या कण्या खाल्ल्या, सावकाश, आणि वरून पाणी मागून घेतलं.